लांब नळीची जुनी दुनळी घेताय? नुसत्या टेपवर जाऊ नका

साइडलॉक बरा की बॉक्सलॉक (बार उडवणारी यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर की बॉडीच्या पेटीत) यावर ज्यांचं एकदा तरी भांडण झालंय, पार्कर आणि एल. सी. स्मिथ या जुन्या अमेरिकी दुनळींतला फरक ज्यांना समजावून सांगावा लागत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अमेरिकेतल्या मराठी मंडळींत हा नाद असलेले फार नाहीत. जे आहेत त्यांचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो : "३४-३६ इंची नळीची दुनळी कुठे मिळेल?"

मिळेल हो. ओक्लाहोमातल्या तुल्साच्या बंदूक-प्रदर्शनात मिळेल, लिलावात मिळेल, कुणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावर मिळेल. ती कारखान्यातून निघाली तेव्हा किती इंची होती, हे कुणी विचारत नाही. या छंदात पैसे तिथेच बुडतात.

त्याआधी व्हिसाचं बोलू, कारण आपल्यातले बरेच जण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असतात. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघीय कायद्याने बंदी आहे. चालू शिकार-परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक संघीय व्याख्येत 'अँटिक' ठरते आणि 'फायरआर्म'मध्ये मोजली जात नाही, त्यामुळे ही बंदी तिला लागत नाही. पण राज्याचे कायदे वेगळे असतात, आणि १८९८ ची आणि १८९९ ची बंदूक शेजारी ठेवली तर डोळ्यांनी फरक कळत नाही. वर्ष अनुक्रमांकावरून काढायचं. शंका असेल तर आधी वकील, मग बंदूक. ग्रीन कार्डाची फाइल पुढे सरकत असताना हा धोका पत्करणाऱ्याला मी मूर्खच म्हणेन.

आता लांबी. काळ्या दारूच्या जमान्यात लांब नळीला मान होता. चेसापीकच्या खाडीवर बदकं मारून बाजारात विकणारे शिकारी ८ आणि १० गेजच्या अवजड बंदुका वापरत (गेज म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद). धूरविरहित दारू आल्यावर ती गरज उरली नाही, ही दारू नळीच्या पहिल्या दोन फुटांतच जवळपास जळून जाते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट चर्चिलने तर २५ इंची नळ्यांचाच जोरदार प्रचार केला. त्यामुळे "लांब नळी म्हणजे जोरात मार" असं कुणी सांगत असेल तर हसून पुढे व्हा. लांब नळीचा फायदा नेम धरताना आणि उडत्या पाखरामागे बंदूक फिरवताना होतो, वेगात पडणारा फरक किरकोळ असतो.

दुर्मीळ काय, हे गेजवर ठरतं. १० गेजला ३२ इंच म्हणजे नेहमीचंच. १२ गेजला ३२ चांगली, ३४ विरळा. पार्करने मागणीनुसार त्याहून लांबही बनवल्या, पण फार थोड्या. २० गेजला ३२ इंची नळी दिसली तर आनंद आवरा आणि संशय जागा ठेवा, कारण अरुंद भोकाच्या लांब नळ्यांतच सर्वांत जास्त पैसा आहे आणि बनवाबनवीही तिथेच जास्त.

आता तो सापळा. मी १२ गेजची एक पार्कर घेतली, बाहेरून घोडे असलेली, ३४ इंची. विकणारा सरळ माणूस होता, टेप लावून दाखवली, ३४ भरली. नंतर पार्करच्या मेरिडनच्या कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून पत्र आलं : ऑर्डर ३६ इंचांची. म्हणजे कधीतरी, कुणीतरी, दोन इंच कापले होते. कुणीही खोटं बोललं नव्हतं. टेपही खरंच सांगत होती. ३४ इंची अस्सल नळीला जी किंमत येते त्याच्या जवळपासही ३६ची कापून केलेली ३४ जात नाही, आणि हा फरक माझ्या खिशातून गेला.

नळी कापतात का, हे समजलं की कुठे बघायचं तेही समजतं. तोंडात चिखल किंवा बर्फ अडकून बार उडवला की नळी टोकाला फुगते किंवा फाटते. गावचा बंदूक-कारागीर तेवढा भाग उडवतो, नेम धरायचा मणी पुन्हा बसवतो. कुणाला फुल चोक, म्हणजे छरे एकत्र ठेवणारं टोकाचं घट्ट आकुंचन, नको असतो, तोही दोन इंच कापून मोकळा होतो. हे ऐंशी वर्षांपूर्वी झालेलं असेल तर आजच्या मालकाला त्याची गंधवार्ताही नसते.

सगळ्यात आधी बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. मग तोंडाकडून बघा. नळ्या मागे जाड आणि पुढे निमुळत्या असतात, आणि टोकाला एकमेकींकडे झुकवून बसवलेल्या असतात. न कापलेल्या नळ्या तोंडाशी जवळजवळ चिकटलेल्या दिसतात. कापल्या की मधे फट पडते, मग ती डाग (सोल्डर) देऊन किंवा धातूची चकती बसवून बुजवतात. माझ्या पार्करला तो डाग होता, मला तो जुनेपणाचा वाटला. काही अस्सल बंदुकांतही बारीक फट असते, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.

मग चोक मोजा. नाणं घालून नाही, आतून मोजणाऱ्या मायक्रोमीटरने. चोकचं आकुंचन टोकाच्या काही इंचांत असतं. १२ गेजला फुल चोक म्हणजे साधारण ३५ ते ४० हजारांश इंच. दोन्ही नळ्या टोकापर्यंत अगदी सरळ, आकुंचन नसलेल्या निघाल्या तर दाट संशय घ्या, कारण त्या काळात लांब नळी सिलिंडर बोअरची, म्हणजे बिनचोकची, मागवणारं गिऱ्हाईक क्वचितच असे. आणि चोक सापडला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. तोंडाच्या थोडं मागे नळी आतून रुंद करून खोटा चोक तयार करता येतो, त्याला जग-चोक म्हणतात. तो मोजमापात पकडता येतो, पण फक्त टोक न मोजता आतपर्यंत ठिकठिकाणी मोजलं तरच.

पार्करवाल्यांना आणखी एक सोय आहे. घासून गुळगुळीत करण्याआधी नळ्यांचं जे वजन होतं ते पौंड-औंसांत नळ्यांच्या खालच्या बाजूला ठोकलेलं असतं. आत्ताचं वजन त्याच्यापेक्षा कमी असणारच, पण फारच कमी भरलं तर विचारा.

मोजणी चुकवणारी दुसरी जागा मागच्या टोकाला असते. बऱ्याच दुनळींत वरची पट्टी नळ्यांच्या मागे बाहेर येते आणि बॉडीच्या खाचेत बसते, पार्करची तर बाहुलीच्या डोक्यासारखी. काही जण टेप त्या टोकापासून लावतात आणि ३० इंची बंदूक जाहिरातीत जवळपास ३१ होते. बंदूक बंद करा, रिकामी आहे हे पुन्हा बघा, तोंडातून सरळ लाकडी काठी मागच्या पोलादी भिंतीला टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा, काठी बाहेर काढून मोजा. तीच लांबी.

शेवटचा निवाडा नोंदींचा. पार्करसाठी पार्कर संग्राहकांची संघटना पत्र देते. एल. सी. स्मिथच्या उरलेल्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात आहेत. पत्र यायला वेळ लागतो, म्हणून विकणाऱ्याकडून आधीच लेखी घ्या : नोंद जुळली नाही तर बंदूक परत. जो "एवढा विश्वास नाही का?" असं म्हणतो, त्याच्याकडून घेऊच नका.

गुरू मिळाला तर बरंच, पण जो शिकवतो आणि तुम्हाला विकतोही, त्याला मी गुरू मानत नाही. माझं मत टोकाचं आहे, ठाऊक आहे. उत्तर कॅरोलिनात सॅनफर्डला दर वसंतात दुनळीवाले जमतात, तिथे विकायला काहीही न आणलेला एखादा म्हातारा गाठा आणि त्याच्या बंदुकीचं तोंड बघू द्यायला सांगा. फोटो बघून वर्षभरात शिकाल त्याहून जास्त दोन तासांत शिकाल. आणि "बो व्हूप"ची गोष्ट सगळेच सांगतील : शिकारकथा लिहिणाऱ्या नॅश बकिंगहॅमची ३२ इंची फॉक्स दुनळी, १९४८ मध्ये हरवली, २०१० च्या लिलावात दोन लाख डॉलरच्या वर गेली. ती किंमत त्या माणसाच्या नावाची आणि त्या कथेची होती. तुमच्या ३२ इंची फॉक्सला ती येणार नाही.

एवढं वाचून धीर सुटला असेल, तर सांगतो, कापलेली नळी म्हणजे वाया गेलेली बंदूक नव्हे. किंमत कापलेल्या नळीचीच द्या, मग ती सुखाने बाळगा. फक्त दमास्कस नळीत (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून बनवलेली जुनी नळी) हल्लीची काडतुसं घालू नका. नळीची जाडी आणि चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) लांबी जाणकाराकडून मोजून घ्या. ब्रिटिश बंदुकांवर प्रूफ हाउसचे, म्हणजे नळीची ताकद तपासणाऱ्या अधिकृत केंद्राचे, शिक्के असतात, अमेरिकेत तशी सक्तीची चाचणी नव्हती, त्यामुळे इथे शिक्क्याच्या भरवशावर राहता येत नाही.

पुण्या-नाशिकहूनही विचारणा येते. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला परवान्यावर दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा वापरण्याजोग्या बंदुकांचा संग्रह असा करता येत नाही. दुरुस्त करूनही जी चालणार नाही अशी जुनाट वस्तू शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात सुटते, पण ती खरंच तशी आहे का, हे विकणाऱ्याच्या शब्दावर ठरवू नका, पोलिसांच्या परवाना शाखेत आधी विचारा.

पहिली खरेदी? १२ गेज, ३२ इंच, पार्कर व्हीएच किंवा स्मिथची फील्ड ग्रेड, दोन्ही साध्या दर्जाच्या. ३४ च्या मागे नंतर लागा, पहिलं पत्र हातात आल्यावर.