काळं इंजिन पुन्हा काळं कसं करावं

पावसाळाभर चिखल खाल्ला की मोटरसायकलचं काळं इंजिन राखाडी दिसू लागतं. मग दसऱ्याला हार घालायच्या आदल्या दिवशी लोक काळ्या स्प्रेचा डबा आणतात आणि मळावरच फवारतात. महिन्याभरात पापुद्रे निघतात.

आधी इंजिन थंड असताना ओल्या फडक्याने पुसून पाहा. ओलं असताना काळंभोर आणि वाळल्यावर पांढुरकं होत असेल, तर रंग शाबूत आहे. वर बोअरच्या पाण्याचे क्षार नाहीतर मळ बसलाय. ओलं असतानाही ठिपका पांढरा राहिला आणि नखाला कड लागली, तर रंग उडून आतलं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलंय. बहुतेक गाड्या पहिल्या प्रकारातल्या असतात, त्यांना रंग लागतच नाही.

धुताना सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा. तेलकट थर रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने सोडवा (उघड्यावर, विडी-काडीपासून लांब), मग साबणाच्या पाण्याने रॉकेल पूर्ण काढा. कॉस्टिक सोडा असलेलं क्लीनर नकोच, ते अ‍ॅल्युमिनियम खातं. क्षारांच्या डागांवर अर्धं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर एक-दोन मिनिटं ठेवून धुऊन टाका. प्रेशरचा पाइप अगदी जवळ धरला तर सुटत आलेला रंग आणखी उचकटतो. वॉशिंग सेंटरवर शेवटी डिझेल मारून चकाकी आणतात. दोन दिवस छान दिसतं, मग त्यावरच धूळ चिकटते. मॅट रंगावर पॉलिशही घासू नका, चट्टे चकाकतात.

रंग खरंच उडाला असेल तर सुटे पापुद्रे आणि पांढरी भुकटी 320 नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) काढा, कडा 600 ने सपाट करा. थिनरच्या फडक्याने पुसा, त्यानंतर बोट लावू नका. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन पकड घेणारा अस्तराचा रंग) हवाच, साधा प्रायमर तिथे धरत नाही. प्लग, वायरी, रबरी नळ्या आणि ब्रेक डिस्क मास्किंग टेप-कागदाने झाका.

रंग निवडताना मात्र गंमत होते. डब्यावर 600 अंश लिहिलेला सायलेन्सरचा रंग जास्त दणकट असणार असं वाटतं. पण असे बरेच रंग पक्के व्हायला सुमारे 200 अंश लागतात आणि क्लच कव्हर (इंजिनाच्या बाजूचं झाकण) तेवढं तापत नाही. रंग कच्चाच राहतो, पेट्रोलचा थेंब पडला की विरघळतो. म्हणून इंजिन इनॅमल, म्हणजे खास इंजिनासाठीचा उष्णता सोसणारा रंग घ्या. दोन-तीन पातळ हात द्या, मधली वेळ डब्यावर असेल ती पाळा. फिनवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांवर) जाड थर चढवू नका, उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी दहा मिनिटं उभ्या जागी चालवून पूर्ण थंड होऊ द्या, मग वीस मिनिटं. थोडा वास येईल. त्यानंतर आठवडाभर तिथे पेट्रोल किंवा रॉकेल लागू देऊ नका.