उताऱ्यांच्या तयारीसाठी अग्रलेख कसा वाचावा
परीक्षेत उतारा वाचून त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात; अशा आकलनाच्या उताऱ्यांसाठी बातम्यांपेक्षा अग्रलेख वाचा. बातमीत महत्त्वाचं सगळं वरच्या परिच्छेदातच येतं, त्यामुळे युक्तिवादाचा माग काढायची सवय लागत नाही. रोज एकच लेख, साधारण ६०० शब्दांचा, घड्याळ लावून ४ मिनिटांत. मग तो झाकून लेखकाचं मुख्य म्हणणं एका वाक्यात लिहा. इथेच बहुतेकांची गल्लत होते: लेखकाने खोडून काढण्यासाठी मांडलेलं विरोधी मतच त्याचं म्हणून उतरवलं जातं. म्हणून पुन्हा वाचताना ‘मात्र’, ‘तरीही’, ‘असे असले तरी’ यांखाली रेघ मारा. कलाटणी बहुधा तिथेच असते. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी संदर्भावरून लावा, शब्दकोश नंतर. आणि फक्त आवडीचे विषय नकोत. उताऱ्याऐवजी स्वतःच्या माहितीवरून उत्तर द्यायची खोड त्यातूनच लागते.