रॉकमध्ये कोतो, शाकुहाची आणि शामिसेन: वागाक्की बँडसारखी मांडणी कशी करावी

जपानचा वागाक्की बँड 2013 मध्ये उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी ‘सेनबोनझाकुरा’च्या व्हिडिओमुळे जगभर पोहोचला. गाणं व्होकलॉइडचं (गाणारा कृत्रिम आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर), आधीच लोकांच्या तोंडी बसलेलं. तुम्हीही सुरुवात अशाच ओळखीच्या चालीने करा, म्हणजे ऐकणाऱ्याचं लक्ष वाद्यांकडे जातं. गिटार, बेस आणि ड्रम्सच्या जोडीला त्सुगारू शामिसेन (तीन तारांचं तंतुवाद्य), कोतो (लांब, आडवं तंतुवाद्य), शाकुहाची (बांबूची बासरी) आणि वादाइको (जपानी ढोल) असताना गाण्याचा गलका होत नाही, तो मांडणीमुळे.

पट्टी गिटारच्या सोयीने ठरवू नका, शाकुहाचीकडे बघून ठरवा. नेहमीची 1.8 शाकूची (शाकू हे लांबीचं जपानी माप), म्हणजे सुमारे 54.5 सेंमीची बासरी पाच छिद्रांतून डी, एफ, जी, ए, सी हे स्वर मोकळे देते. बाकीच्यांसाठी छिद्र अर्धं झाकून हनुवटी खाली घ्यावी लागते. ते स्वर दबके येतात, डिस्टॉर्शनखाली गडप होतात आणि वादक बेसूर वाटतो, दोष मात्र पट्टीचा असतो. गाणं ई मायनरमध्येच हवं असेल तर 1.6 शाकूची बासरी घ्या.

कोतोच्या 13 तारांखाली सरकत्या घोड्या असतात. सप्तकात बहुधा पाचच स्वर लावलेले असतात; मधला स्वर हवा तर घोडीच्या डावीकडे तार दाबून अर्धा किंवा पूर्ण स्वर चढवतात. गाण्यात मध्येच पट्टी बदलणार असाल तर कोतोला त्याआधी निदान चार बार मोकळे द्या, नाहीतर घोड्या सरकवायला वेळच मिळत नाही. दुसरा कोतो लावून तयार ठेवणं उत्तम.

शामिसेनची जाड तार तानपुऱ्याच्या जवारीसारखी झणकते. ही झणक हेच तिचं सौंदर्य आहे, म्हणून निदान सुरुवातीचे दोन बार गिटार गप्प ठेवा. पुढेही गिटारचा गेन नेहमीपेक्षा कमी, भरगच्च कॉर्डऐवजी फक्त मूळ स्वर आणि पंचम, आणि 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये 2-3 डेसिबल कापलेले. बाचीचा, म्हणजे शामिसेन छेडायच्या मोठ्या नखीचा, टणत्कार साधारण तिथेच ऐकू येतो. जोरकस आघातांनी तारा उतरतात, त्यामुळे प्रत्येक गाण्यानंतर सूर तपासा.

वादाइको आणि किक ड्रम एकाच खर्जात भांडतात. जड भागात खर्ज किकला द्या, वादाइको 100 हर्ट्झखाली कापा. तिच्या सोलोत उलट करा.

स्टेजवर शामिसेनचं कातडं मॉनिटरचा आवाज पकडून शिट्टी मारतं. कॉन्टॅक्ट पिकअप आणि कानातले मॉनिटर वापरा. शाकुहाचीचा माइक फुंकेच्या रेषेत नको. 10-15 सेंमीवर, तिरका, छिद्रांकडे रोखलेला ठेवा. बासरी गरम झाली की स्वर चढतो, म्हणून आधी थोडं वाजवून मगच सूर जुळवा.

वागाक्की बँडची युको सुझुहाना शिगिन या जपानी काव्यगायनात तयार झालेली गायिका आहे. तिच्या आवाजातले हेलकावे ऐकू येण्यासाठी जागा लागते. अंतऱ्यात शाकुहाचीने तीच चाल वाजवू नये, ओळ संपल्यावरच्या फटीत यावं.