मिक्सर परदेशी नेण्याआधी त्याच्या बुडाशी बघा

मुलगी-जावई अमेरिकेला निघाले की सोलापुरात दोन गोष्टी हमखास बॅगेत पडतात: शेंगाचटणी आणि मिक्सर. चटणी बिनघोर द्या. मिक्सर मात्र आधी उलटा करून बुडाशी चिकटवलेली पट्टी वाचा.

आपल्याकडे घरात वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. पट्टीवर नुसतं '२३०' किंवा '२२०-२४०' असेल, तर तिथे तो मिक्सर रडतखडत फिरेल, शेंगदाणे काही बारीक होणार नाहीत. आमच्या ओळखीत एकांनी इथून तिकडे चालणारी पिन घेतली आणि काम झालं असं समजले. पण ती पिन फक्त सॉकेटचा आकार जुळवते, व्होल्टेज बदलत नाही! मोबाईल, लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा '१००-२४०' लिहिलेलं असतं; त्यांना तेवढी पिन पुरते.

उलटा प्रवास जास्त धोक्याचा. तिकडून प्रेमाने आणलेलं फक्त १२० व्होल्टचं यंत्र इथल्या बोर्डात थेट लावलं की जळतंच.

व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण ७५० वॉटच्या मिक्सरला पेलणारा चांगलाच जड असतो, विमानात वजनाची मारामार असताना तो कशाला? त्यापेक्षा दुकानात अमेरिकेत चालणारं '११० व्होल्टचं मॉडेल' (बोलीत १२० लाही ११०च म्हणतात) असं स्पष्ट मागा. आपल्याकडच्या काही कंपन्या ते बनवतात. बिल करण्याआधी पट्टीवरचा आकडा मात्र स्वतः वाचून घ्या.