देशी की विदेशी गाडी? बॅज राहू द्या, आधी चेसिस नंबर बघा

पुण्यात गाडी घ्यायची म्हटली की घरात वाद ठरलेला, बाबांना टाटा नाहीतर महिंद्रा हवी आणि पोरांना फोक्सवॅगन. पण फोक्सवॅगनची टायगुन आणि व्हर्टुस आपल्या चाकणलाच बनतात, मारुतीत निम्म्याहून जास्त हिस्सा सुझुकीचा आहे, आणि लँड रोव्हर 2008 पासून टाटांची असली तरी तिची डिफेंडर बनते स्लोव्हाकियात. मग देशी कुठली म्हणायची? माझ्या मते जी इथल्या माणसांच्या हातून बनते ती.

शोरूममध्ये 17 अक्षरी चेसिस नंबर मागा. सुरुवात एमए ते एमई यातल्या कशानेही किंवा एमझेडने असेल तर गाडी भारतात बनलेली. दुसरं काही असेल तर सरळ विचारा, अख्खी बाहेरून आलीये (म्हणजे सीबीयू) की सुटे भाग आणून इथे जोडलीये, कारण खरा पैशाचा फरक तिथेच पडतो.

जीएसटी बॅज बघत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतली, पेट्रोल 1200 किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंतची गाडी 18 टक्क्यांत, इलेक्ट्रिक 5 मध्ये, बाकी बहुतेक सगळ्या 40 मध्ये. सीबीयूवर मात्र त्याआधी कस्टम ड्युटी लागते, महागड्या गाड्यांना साधारण 110 टक्के, आणि जीएसटी लागतो तो ड्युटी धरून. म्हणजे 50 लाखांची गाडी बंदरावर उतरली की ड्युटीने 1 कोटी 5 लाख, जीएसटीने 1 कोटी 47 लाख, डीलरचं मार्जिन अजून धरलेलंच नाही. वर महाराष्ट्रात आरटीओ टॅक्स, इथल्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे 11 ते 13 टक्के आणि इम्पोर्टेडला 20.

ही ड्युटी अन्यायाची आहे का? माझा मेहुणा भोसरीत प्रेस शॉपला (गाड्यांचे पत्र्याचे पार्ट्स दाबून बनवतात तिथे) आहे, त्याचं घर या पार्ट्सवर चालतं, त्यामुळे ड्युटी एका रात्रीत काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पण 110 टक्के कायमचे ठेवणंही बरोबर नाही. जुलै 2025 च्या ब्रिटनसोबतच्या करारात ठरावीक कोट्यापुरती ड्युटी टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर येणार आहे, तशी रीत मला पटते, फक्त बदल्यात आपल्या पार्ट्सनाही तिकडे तसंच दार उघडं पाहिजे.

आणि बुकिंग फॉर्मवर एक ओळ नक्की लिहून घ्या, डिलिव्हरीच्या आधी कर कमी झाला तर फरक ग्राहकाला मिळेल, खाली डीलरचा सही-शिक्का.