हवामानबदल आणि सरकारी तिजोरी: या अभ्यासाकडे वळणाऱ्या नवोदितांसाठी

हवामानबदल आणि राजकोषीय धोरण, म्हणजे सरकारचे कर व खर्च यांविषयीचे धोरण, यांच्या सीमेवर काम करू पाहणारे लोक साधारणपणे दोन वाटांनी येतात. पर्यावरणशास्त्राकडून आलेल्यांना उत्सर्जनाचे स्रोत आणि तापमानवाढीचे अंदाज चांगले ठाऊक असतात. मात्र अर्थसंकल्पाची कागदपत्रे समोर आली की ती चाळून बाजूला ठेवण्याकडे त्यांचा कल असतो. अर्थशास्त्राकडून आलेल्यांना कर, अनुदान आणि तूट यांची भाषा येते. पण इंधन कितीही स्वच्छ वापरले तरी सिमेंट तयार करताना चुनखडीच्या विघटनातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे त्यांना सांगावे लागते. माझी वाट यांपैकी दुसरी, अर्थशास्त्राकडून आलेली होती. पुढे या विषयावर टिपणे लिहिताना आणि नव्या सहकाऱ्यांबरोबर काम करताना माझे एक मत पक्के होत गेले. कार्बनवर किती कर लावावा यावर जितकी चर्चा होते, तितकी तो पैसा कोणाकडून येतो, कोणाकडे जातो आणि ते लोकांना दिसते का, यावर होत नाही. धोरण टिकते किंवा कोसळते ते मात्र बहुतेक वेळा याच प्रश्नांवर. नवोदितांनी अभ्यास कसा करावा याविषयी पुढे जे लिहिले आहे, ते या मताला धरून आहे.

सिद्धान्ताचा भाग तुलनेने लवकर आत्मसात होतो. अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला विचार असा, की एखाद्याच्या कृतीमुळे इतरांचे होणारे नुकसान त्याच्या खर्चात धरले जात नसेल, तर तेवढा कर लावून ते धरायला लावावे. मार्टिन वाइट्झमन यांनी १९७४ मध्ये किंमत ठरवणे आणि प्रमाण ठरवणे यांतील फरक स्पष्ट केला; कार्बन कर आणि उत्सर्जन परवान्यांचा व्यापार (एकूण उत्सर्जनाला मर्यादा घालून तेवढ्याच परवान्यांची खरेदी-विक्री होऊ देणे) यांच्यातील निवड आजही त्याच चौकटीत अभ्यासली जाते. युरोपीय संघाची परवाना व्यापार पद्धत २००५ पासून चालू आहे आणि तिच्या पहिल्या टप्प्यात परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेल्यामुळे त्यांची किंमत जवळजवळ शून्यावर आली होती. पिगू व वाइट्झमन यांचे विचार आणि मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, एवढे नीट समजले, की पुस्तकी पायाभरणी पुरेशी झाली असे समजून प्रत्यक्ष देशांच्या अनुभवाकडे वळावे. सिद्धान्तातच वर्षानुवर्षे रेंगाळणारे अनेक हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्याचे मला वाईट वाटते.

पहिले उदाहरण म्हणून स्वीडन घ्यावे. फिनलंडने १९९० मध्ये जगातला पहिला कार्बन कर लावला आणि पुढच्याच वर्षी स्वीडनने कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे सुमारे २५० क्रोनर दराने सुरुवात केली. आज हा दर हजार क्रोनरच्या बराच वर आहे. एवढा चढा दर तिथे टिकला कसा, हे समजून घेण्यासाठी १९९१ ची संपूर्ण करसुधारणा वाचावी लागते. कार्बन कर हा तिचा एक भाग होता आणि त्याच सुधारणेत उत्पन्नावरील करांचे दर मोठ्या प्रमाणावर कमी केले गेले. उद्योगांना सुरुवातीला कमी दर लावण्यात आला व तो नंतरच्या काळात टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. शिवाय घरे तापवण्यासाठी सामूहिक उष्णता पुरवठ्याची यंत्रणा आधीच उभी असल्यामुळे तेलाऐवजी लाकडी अवशेष जाळण्याचा पर्याय हाताशी होता. पर्याय उपलब्ध असेल तरच कर वागणूक बदलतो. नसेल तर तो केवळ महसूल गोळा करतो, आणि तोही अनेकदा सर्वांत कमी ऐपत असलेल्यांकडून.

इथून आपण करभाराच्या प्रश्नाकडे येतो, आणि नवोदितांनी सर्वाधिक वेळ याच प्रश्नावर द्यावा असे मी आग्रहाने सांगेन. फ्रान्सने २०१४ मध्ये इंधनकरात कार्बनचा घटक टनामागे ७ युरो या दराने आणला आणि २०१८ पर्यंत तो ४४.६ युरोवर नेला. दर वाढवण्याचा कार्यक्रम कागदावर सुबक होता. परंतु सार्वजनिक वाहतूक नसलेल्या भागात राहून रोज गाडीने कामावर जाणाऱ्यांच्या हाती त्या बदल्यात फारसे काही पडले नव्हते. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंधन दरवाढीविरुद्ध पिवळी जाकिटे घालून उतरलेल्यांचे आंदोलन उभे राहिले, पुढची वाढ रद्द झाली आणि दर तिथेच गोठला. याउलट कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये टनामागे १० कॅनेडियन डॉलरने सुरुवात करून २०१२ पर्यंत ३० डॉलरपर्यंत मजल मारली. त्या वर्षांत जमा झालेला महसूल उत्पन्नकरातील कपात आणि अल्पउत्पन्न कुटुंबांना सवलत या मार्गांनी परत करण्याचे बंधन कायद्यातच घातले होते.

मात्र पैसे परत केले म्हणजे काम झाले, असेही नाही. कॅनडाच्या संघ सरकारने २०१९ पासून इंधनावरील कार्बन आकाराचा बहुतांश पैसा थेट कुटुंबांना परत दिला. तरीही आपण भरतो त्यापेक्षा कमी मिळते अशी अनेकांची धारणा राहिली आणि १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा हा आकार बंद झाला, ब्रिटिश कोलंबियातही. कर पंपावर दर खेपेला दिसत होता, परतावा मात्र शेवटच्या वर्षांत तीन महिन्यांतून एकदा खात्यात जमा होई आणि विस्मरणात जाई. ज्यांना हा विषय मनापासून शिकायचा आहे, त्यांनी कौटुंबिक उपभोग सर्वेक्षणाची आकडेवारी घेऊन उत्पन्नगटानुसार इंधनावरील खर्चाचा वाटा स्वतः काढून पाहावा. याच आकडेवारीत एकाच उत्पन्नगटातील दोन कुटुंबांमधला फरक, म्हणजे शहर आणि गाव, स्वतःचे वाहन आणि बस, कधी कधी गरीब व श्रीमंत यांच्यातील फरकापेक्षाही मोठा दिसतो. सरासरीच्या आड तो लपतो, आणि आंदोलने नेमकी तिथूनच उभी राहतात.

अनुदानांच्या अभ्यासात आकडे वापरताना विशेष काळजी घ्यावी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरातील जीवाश्म इंधनांची अनुदाने ७ लाख कोटी डॉलर होती. हा आकडा सर्रास वापरला जातो. पण त्यात सरकारांनी प्रत्यक्ष सोसलेला, म्हणजे किंमत पुरवठा खर्चाच्या खाली ठेवल्यामुळे पडलेला बोजा सुमारे १.३ लाख कोटी डॉलरचाच आहे. उरलेला भाग हवेचे प्रदूषण, तापमानवाढ, वाहतूककोंडी यांसारख्या किमतीत न धरलेल्या नुकसानीचा आणि बुडालेल्या कराचा आहे. दोन्ही आकडे योग्य आहेत, परंतु ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. 'अनुदान बंद केल्यास तिजोरीत ७ लाख कोटी येतील' असे वाक्य एखाद्या टिपणात आले, तर जाणकार वाचक पुढचे पान उलटत नाही.

अनुदान कमी करण्याच्या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. नायजेरियाने १ जानेवारी २०१२ रोजी पेट्रोलचे अनुदान एकाएकी काढले. किंमत लिटरमागे ६५ नायरावरून दुपटीहून अधिक झाली, देशव्यापी संप झाला आणि दोन-तीन आठवड्यांतच सरकारला किंमत ९७ नायरापर्यंत खाली आणावी लागली. इराणने २०१० मध्ये वेगळा क्रम निवडला. दरवाढीच्या आधीच प्रत्येक कुटुंबाच्या खात्यात रोख रक्कम जमा केली गेली, ती खात्यात दिसत होती, मात्र नव्या किमती लागू होईपर्यंत काढता येत नव्हती. डिसेंबरमध्ये किमती अनेक पटींनी वाढल्या, तरी रस्त्यावर मोठा उद्रेक झाला नाही. पुढे महागाईने त्या रकमेचे मोल घटवले आणि सुधारणेचा बराचसा परिणाम विरून गेला, हेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. इंडोनेशियाने २०१५ च्या आरंभी, तेलाच्या जागतिक किमती जवळपास निम्म्यावर आल्या असताना, पेट्रोलचे अनुदान काढले. त्या वेळी ग्राहकाला झळ बसली नाही, पण किमती पुन्हा चढल्यावर दर बदलण्याचे धैर्य टिकवणे तिथेही अवघड गेले. या तीन देशांचा अभ्यास शेजारी शेजारी ठेवून केला, तर एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणापेक्षा अधिक शिकायला मिळते.

खर्चाची बाजू समजून घ्यायची तर अर्थसंकल्प वाचायला शिकावेच लागते, आणि ते कुठल्याही अभ्यासक्रमात पुरेसे शिकवले जात नाही. भाषणापासून सुरुवात करू नये. एखाद्या खात्याचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन स्तंभ चार-पाच वर्षांसाठी एकाखाली एक मांडावेत. घोषणा आणि अंमलबजावणी यांतील अंतर आपोआप दिसू लागते. नेपाळने २०१२-१३ पासून हवामानाशी संबंधित खर्चाला अर्थसंकल्पात स्वतंत्र संकेतांक देण्यास सुरुवात केली आणि त्यानंतर अनेक देशांनी ही पद्धत उचलली. अशा खुणा उपयुक्त असल्या तरी त्या बहुधा केवळ हवामानाला अनुकूल खर्चावर लावल्या जातात. त्याच अर्थसंकल्पात उत्सर्जन वाढवणारा खर्च किती, हे त्यातून कळत नाही. फ्रान्सने २०२१ च्या अर्थसंकल्पापासून प्रतिकूल खर्चही वेगळा दाखवायला सुरुवात केली, आणि माझ्या दृष्टीने हा या पद्धतीतला सर्वांत मोलाचा बदल आहे.

विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेल्या निधीचाही असाच माग काढावा. भारताने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी निधी उभारला होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर मात्र हा उपकर भरपाई उपकरात विलीन झाला आणि पैसा राज्यांच्या महसुली नुकसानीची भरपाई करण्याकडे वळला. राज्यांची गरज खरी होती, परंतु स्वच्छ ऊर्जेचा हक्काचा स्रोत त्यात गेला.

जे अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसतच नाही, ते शोधणे अधिक कठीण. नॉर्वेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत विजेवरच्या गाड्यांचे प्रमाण २०२४ मध्ये दहात जवळजवळ नऊ होते आणि त्यामागे प्रामुख्याने करसवलतींतून सोडून दिलेला महसूल होता. ही सवलत इतकी महाग पडू लागली, की २०२३ पासून पाच लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर आकारला जाऊ लागला. जर्मनीत सौर आणि पवन ऊर्जेला २००० पासून दिलेला आधार दीर्घकाळ वीजबिलातील अधिभारातून वसूल होत होता, आणि जुलै २०२२ मध्ये तो अधिभार शून्य करून भार सरकारी निधीवर घेतला गेला. एकाच उद्दिष्टाचा खर्च करदात्याने सोसावा की वीजग्राहकाने, हा राजकोषीय प्रश्नच आहे, मग तो अर्थसंकल्पात छापलेला असो वा नसो.

नवोदितांचे ज्याकडे जवळजवळ हमखास दुर्लक्ष होते, ते क्षेत्र म्हणजे आपत्तींचा तिजोरीवरील भार. पाकिस्तानातील २०२२ च्या पुरात झालेले नुकसान आणि आर्थिक हानी मिळून ३० अब्ज डॉलरच्या आसपास होती. असा खर्च कोणत्याही वर्षाच्या अंदाजपत्रकात आधी लिहिलेला नसतो, पण तो येणार हे ठाऊक असते. त्याला आकस्मिक दायित्व म्हणतात. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये एकत्र येऊन जोखीम वाटून घेणारी विमा यंत्रणा उभारली. नुकसानीची मोजदाद होण्याची वाट न पाहता वाऱ्याचा वेग किंवा भूकंपाची तीव्रता ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की ती पैसे देते. लहान देशाला त्या पहिल्या दोन आठवड्यांत रोकड मिळणे किती मोलाचे असते, हे वित्त विभागातील माणसेच नीट सांगू शकतात. संख्याशास्त्राची आवड असणाऱ्यांना इथे भरपूर काम आहे आणि करणारे हात फार थोडे आहेत.

रोजगाराच्या दृष्टीने पाहता वित्त मंत्रालये, संसदेची अर्थसंकल्प कार्यालये, लेखापरीक्षण संस्था, विकास बँका, पतमानांकन संस्था आणि संशोधन केंद्रे अशा अनेक ठिकाणी या ज्ञानाला मागणी आहे. २०१९ मध्ये हवामान कृतीसाठी अर्थमंत्र्यांची आघाडी स्थापन झाल्यापासून हा विषय पर्यावरण खात्यापुरता राहिलेला नाही. नव्याने रुजू होणाऱ्यांमध्ये मी दोन गोष्टी पाहते: सांख्यिकी आज्ञावली वापरून कच्च्या आकडेवारीवर काम करण्याची सवय, आणि अर्थमंत्र्यांना दहा मिनिटांत वाचता येईल असे दोन पानी टिपण लिहिण्याची क्षमता. दुसरी अधिक दुर्मीळ आहे. अशा टिपणात शिफारस पहिल्या परिच्छेदात यावी, तिचा वार्षिक खर्च किंवा महसूल दुसऱ्यात यावा आणि तिने कोणाचे नुकसान होईल हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे.

सुरुवात करण्यासाठी कोणत्याही देशाचा इंधनावरील एक कर किंवा एक अनुदान निवडावे. तो कायदा कधी झाला, दर केव्हा बदलला, महसूल कोणत्या खात्यात जमा होतो, त्या खात्यातून गेल्या पाच वर्षांत प्रत्यक्षात काय खर्च झाले आणि सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातील कुटुंबे त्यासाठी उत्पन्नाचा किती वाटा मोजतात, एवढेच शोधून काढावे. मूळ कागदपत्रांवरून हे काम करायला काही महिने लागतात. ते झाल्यावर दुसऱ्या देशाचा तोच कर घ्यावा.