उसाच्या पट्ट्यातून सायकलनं कामावर: कसबा बावडा ते शिरोली एमआयडीसी

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून शियेमार्गे शिरोली एमआयडीसीला जाणारा रस्ता सायकलसाठी उत्तम आहे. दहा किलोमीटरच्या आतलं अंतर, जवळजवळ सपाट जमीन, दोन्ही अंगांना ऊस, वाटेत पंचगंगेवरचा पूल आणि हवा स्वच्छ असली की वायव्येला जोतिबाचा डोंगर. पण हा रस्ता वर्षभर एकसारखा राहत नाही. गळीत हंगामात तो ट्रॅक्टरचा असतो, पावसाळ्यात नदीचा. त्यामुळे सायकलची तयारीही हंगाम बघूनच करावी लागते.

नवी सायकल घ्यायची गरज नाही. घरात काळी साधी सायकल असेल तर तीच आधी नीट करून घ्या. पूर्ण चेनकव्हर आणि लांब मडगार्ड या दोन गोष्टींमुळे चिखलाच्या रस्त्यावर ती भारी गिअरवाल्या सायकलपेक्षा बरी पडते. गिअरचा उपयोग होतो तो समोरून वारा असेल तेव्हा किंवा अंतर पंधरा किलोमीटरच्या पुढं जाईल तेव्हा. सीटची उंची मात्र पहिल्याच दिवशी बसवा: पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पॅडलवर आला की गुडघा आपोआप थोडा वाकतो. सीट खाली ठेवून चालवणाऱ्यांचे गुडघे महिन्याभरात बोलायला लागतात.

वेळेचा हिशेब ताशी पंधरा किलोमीटरनं करा आणि वर पंधरा मिनिटं पंक्चरसाठी राखून ठेवा. सकाळी सातची शिफ्ट असेल तर सहाला घर सोडायचं. जानेवारीत इथं सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे अख्खा रस्ता अंधारात कापावा लागतो. नदीकाठी धुकं असेल तर त्यात भरच. मागचा लाल दिवा सतत पेटणारा हवा. नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरून मागच्या गाडीवाल्याला अंतराचा अंदाज येत नाही. मागच्या मडगार्डवर आणि दोन्ही पॅडलच्या कडांना चमकणारी पट्टी चिकटवा, कारण वरखाली हलणारं पॅडल लांबून ओळखू येतं. पुढच्या दिव्याचा झोत सात-आठ मीटरवर जमिनीला टेकेल इतका खाली वळवा. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड गेला की तो आपल्याच अंगावर येतो.

आता उसाच्या ट्रॅक्टरबद्दल सविस्तर, कारण या रस्त्यावर खरा धोका त्यांचाच आहे. राजाराम साखर कारखाना बावड्यातच आहे. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस याच रस्त्यानं येतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला असतो, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो आणि गाण्याच्या आवाजात ड्रायव्हरला तुमची घंटी ऐकू जात नाही. वळणावर मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाही, ती आतल्या बाजूला कापत येते. म्हणून ट्रॉली आणि रस्त्याची आतली कड यांच्यामध्ये कधीही शिरू नका, कितीही जागा दिसली तरी. चढावर मागं वीस-तीस मीटर अंतर ठेवा. भरलेला ट्रॅक्टर चढाला पुढून उचलला जातो, कधी मागंही सरकतो. भरल्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका, दोन ट्रॉल्यांची लांबी सायकलच्या वेगानं संपता संपत नाही. रिकामा परत जाणारा तर जास्त उड्या मारतो आणि जास्त वेगात असतो.

समोरून ट्रॅक्टर येतोय आणि त्याला एखादी गाडी ओव्हरटेक करतेय असं दिसलं की डांबर सोडून साइडपट्टीवर उतरा. उतरणं सोपं, परत चढणं अवघड. डांबराची कड तीन-चार इंच वर असते. त्या कडेला घासत तिरकं वर यायला गेलं की पुढचं चाक कडेलाच अडकून वळतं आणि माणूस रस्त्याच्या मध्यावर पडतो, नेमका मागून येणाऱ्या गाडीपुढं. थांबा, पाय टेका, मागं बघा, पुढचं चाक उचलून वर ठेवा आणि मग निघा. पाच सेकंद जातात, तेवढीच.

अकराला सुटणाऱ्या दुसऱ्या शिफ्टला हंगामात सायकल नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. नेलीच तर दोघं-तिघं मिळून, एकामागोमाग या. शिये फाट्याकडून महामार्गावर आलात की सर्व्हिस रोडनंच जा, आणि तोही उलट्या दिशेनं नको.

पंक्चर या भागात दोन काट्यांनी होतं: बाभळीच्या आणि सराट्याच्या. सराटा रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पसरतो, त्यामुळे सायकल विनाकारण मातीत घालू नका. जवळ एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप आणि चाकाच्या नटाला बसणारा पाना ठेवा, बहुतेक सायकलींना पंधरा नंबरचा लागतो. वाटेत पंक्चर काढत बसू नका, ट्यूब बदला. बदलण्याआधी टायरच्या आतून सुती फडकं गोल फिरवा. काटा जिथं असेल तिथं फडकं अडकतं. हे न करता नवी ट्यूब घातली की दोन किलोमीटरवर तीही जाते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर तो काटा नव्हे. हवा कमी असताना खड्ड्यात रिमनं ट्यूब चावलेली असते. टायरच्या बाजूवर हवेचा आकडा छापलेला असतो, तो पाळा आणि आठवड्यातून एकदा हवा तपासा. घरी पंक्चर काढताना सोल्यूशन लावून ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे साधारण पाच मिनिटं, वाळू द्या. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच उन्हात सुटतो.

चेनला जळकं इंजिन ऑइल घालायची सवय मोडा. त्यात धूळ बसून खरवडणारा लगदा होतो. पातळ तेलाचा प्रत्येक रोलरवर एकेक थेंब द्या, पॅडल उलटं फिरवा आणि बाहेरचं सगळं पुसून काढा. चेन झिजली का ते स्टीलच्या पट्टीनं कळतं. नव्या चेनच्या एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर बारा इंच भरतं. ते एक अष्टमांश इंचानं वाढलं असेल तर नुसती चेन बदलून भागत नाही, फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे, दातेही गेलेले असतात. एक षोडशांश इंचालाच चेन बदलली तर फ्रीव्हील वाचतं.

पावसाळ्यात पहिली अडचण काळ्या मातीची. शेतातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती डांबरावर पसरते, वर भुरभुर झाली की तिथं ब्रेक मारायचा नाही, हँडलही वळवायचं नाही, सरळ जायचं. मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर फट ठेवा, नाहीतर माती बसून चाकच अडतं. स्टीलच्या रिमवर पाण्यात रबराचा ब्रेक जवळजवळ लागतच नाही. आधी हलका ब्रेक धरून रिमवरचं पाणी पुसलं जाऊ द्या, मग जोरात दाबा. ब्रेकच्या रबरात रुतलेली खडी दर रविवारी टोच्यानं काढा, तिनं रिमला चर पडतात. रेनकोट दोन भागांचा आणि पिवळा घ्या. डोक्यावरून घ्यायचा सैल घोळदार रेनकोट वाऱ्यानं फुगतो. डबा कॅरिअरला रबरी पट्ट्यानं बांधा, हँडलला अजिबात लटकवू नका, झोका घेऊन तो तारांत जातो.

नदीकडे लक्ष ठेवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, पण खुद्द बंधारा त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. वडणगे-निगव्याकडून बंधाऱ्यावरून बावड्याला येणाऱ्यांनी पर्यायी रस्ता जूनमध्येच एकदा सायकलनं जाऊन वेळ मोजून ठेवावा. बावडा-शिये रस्त्यावरही मोठ्या पुरात पाणी येतं. 2019 आणि 2021 मध्ये तर शिरोलीजवळ महामार्गही बंद झाला होता. रस्त्याची कड दिसत नसेल इतकं पाणी असेल तर घोटाभर असलं तरी सायकल घालायची नाही. पाणी ओसरल्यावर मागं राहिलेला गाळ शेवाळासारखा निसरडा असतो, तिथं उतरून चालत जा. चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, पाण्यात बुडला असेल तर त्याच आठवड्यात तो खोलून जुनं ग्रीस पुसून नवं भरा. पॅडलच्या मधल्या ॲक्सलचंही तेच. बाहेरून चाक छान फिरत असतं आणि आत छर्रे गंजत असतात. चाक हातात धरून आडवं हलवलं आणि खडखड जाणवली की समजा उशीर झालाय.